हरणांच्या तोंडचं रान

ज्वारी निसवली की आमच्या रस्त्याला पाहुणे लागतात. मिरजगाव सोडून हायवेवरून आत वळलं की राखीव जंगलाची पाटी दिसते, आणि त्या पाटीच्या अलीकडे आमचं वावर. हुरडा खायला आलेल्या पुण्याच्या गाड्या बांधाशी थांबतात, काचा खाली होतात आणि लांबलचक कॅमेरे बाहेर डोकावतात. परवा एक बाई उतरल्या. समोर हरणांचा मोठा कळप उन्हाला पाठ देऊन उभा होता. बाईंच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं. मला म्हणाल्या, "किती भाग्यवान आहात हो तुम्ही! रोज हे बघायला मिळतं."

मी खुरपं बांधावर ठेवलं. म्हटलं, "हरणं बघून झाली की त्यांच्या पायाखालची जमीनही बघा, बाई."

त्यांनी हसून मान हलवली आणि पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. मला राग आला नाही. एके काळी मीही अशीच बघत होते.

माझं माहेर घोडेगावचं. वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. शुक्रवारी घरासमोरून बैल, म्हशी, गाई नुसत्या वाहत जायच्या. जनावराच्या कुठे हात लावायचा, त्याची बरगडी कशी बघायची, हे मी अक्षरं शिकायच्या आधी शिकले. पण रानातलं मोकळं जनावर मी लग्न होऊन इथं येईपर्यंत पाहिलं नव्हतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुवायला परसात गेले, तर कुडापलीकडून एक काळवीट उडालं. पाठ काळी कुळकुळीत, पोट पांढरं, शिंगं पिळदार. ते उडालं आणि क्षणभर हवेतच राहिलं. हातातला तांब्या हातातच राहिला माझ्या. मागून थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "बगून घे आजच्या दिस. उद्यापास्नं त्येंला हाकलायचं काम तुज्याकडं."

या थोरल्या जाऊबाई म्हणजे आक्का. सगळं गाव त्यांना आक्काच म्हणतं. उंचीला कमी, बोलायला जास्त. कुणी 'बायकांचं काय काम' म्हटलं की आक्का तिथंच बसकण मारते, मग तिला हलवायला तालुक्याचा माणूस आला तरी उपयोग नसतो. मी तिला अहो-जाहो करायचे. पहिल्या सुगीतच तिनं ते मोडून काढलं. "तुमी तुमी काय लावलंय? मी काय मामलेदार हाय?"

हरणं हाकलता हाकलता वर्षं गेली. पत्र्याचा डबा वाजवायचा, गोफण फिरवायची, बुजगावण्याला नवऱ्याचा जुना शर्ट घालायचा. दिवाळी झाली की पाथर्डीकडून ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर हायवेवरून जायचे, वर भांडीकुंडी, खाली पोरंबाळं. त्याच सुमाराला आमच्या ज्वारीला कोंभ फुटायचे आणि कळप कुंपण ओलांडून यायचा. कोवळा पोंगा हरणाला फार गोड लागतो. सकाळी जावं तर ओळीच्या ओळी खुडलेल्या, जणू कुणी कात्री चालवली आहे.

एका वर्षी आम्हांला दुबार पेरणी करावी लागली. गावात संताप झाला. कुणी म्हणालं तारेत करंट सोडा, कुणी म्हणालं पिठात औषध कालवा. हरीण मारणं गुन्हा आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी पारावर हे बोलणं उघड चाललं होतं. मी त्या दिवशी बांधावर उभी राहून कळपाकडे नीट बघितलं, माझ्या वडिलांच्या नजरेनं. आणि चमकले. हरणांच्या बरगड्या मोजता येत होत्या. माद्यांच्या पाठीचा कणा वर आला होता. त्यांची लव राठ झाली होती. घोडेगावच्या बाजारात असं जनावर आणणाऱ्याला माझे वडील म्हणाले असते, याला आधी खायला घाल, मग विकायला आण.

"आक्का," मी म्हटलं, "ही उपाशी आहेत."

"मग? आपली ज्वारी खाऊन बी उपाशीच?"

त्या दुपारी आम्ही दोघी जंगलाच्या कडेनं चालत गेलो. इतकी वर्षं जंगल म्हणजे हरणं यायची जागा, एवढंच मला ठाऊक होतं. आत काय आहे हे कधी पाहिलंच नव्हतं. हिवर होते, खैर होते, बोरी होत्या, सगळे जुने, वाकलेले, सालीला भेगा गेलेले. त्यांच्या खाली एकही नवं झाड नव्हतं. पवन्या नाही, मारवेल नाही, जनावर आवडीनं खाईल असं एकही गवत नाही. उरला होता तो तरवड, रुई, घाणेरी आणि कुसळीचे तुरळक झुपके. वेडी बाभूळ मात्र सगळीकडे माजली होती, कारण हरणं तिच्या शेंगा खातात आणि लेंड्यांतून बी गावभर पेरत हिंडतात. मधली जमीन उघडी, खुरांनी तुडवून तव्यासारखी झालेली. पावसाचं पाणी तिच्यात मुरत नव्हतं. ते लालभडक होऊन ओढ्याला जायचं आणि जाताना माती घेऊन जायचं.

आक्का एका ठिकाणी उकिडवी बसली. गुडघ्याएवढं बोरीचं झुडूप होतं. फांद्या एकमेकींत गुंतून त्याचा गोळा झाला होता. तिनं बुंध्याशी बोट लावलं. बुंधा अंगठ्याहून जाड होता.

"हे रोप न्हाई," ती म्हणाली. "आमचा धाकटा शाळंत जाताना ह्याच वाटंनं जायचा, तवापास्नं हे इथंच हाय, एवडंच. दरसाल वर येतंय, दरसाल खुडलं जातंय."

तिचा धाकटा आता चाकणला कंपनीत आहे, त्याला दाढी-मिशा आहेत. ते झाड मात्र गुडघ्याच्या वर कधी गेलंच नाही. मला त्या झाडाची जेवढी दया आली, तेवढा स्वतःचा राग आला. हरणाच्या उडीकडे बघत राहिले आणि ती उडी जिथून घेतली जाते तिथं काय उरलंय, ते दिसलं नाही.

वनरक्षकाला आम्ही विचारलं. साधा माणूस, मोटारसायकलवर एकटाच एवढं रान सांभाळणारा. तो म्हणाला, "वरून दरवर्षी विचारतात, हरणं किती. वाढली म्हटलं की सगळे खूश. गवत किती, असं मला आजवर कुणी विचारलं नाही. आत मला काही करता येणार नाही, बाई. पण शेजारचं गायरान तुमच्या गावाचं आहे."

एवढंच बोलून तो गेला. आक्काला एवढं पुरेसं होतं. आधी पारावर बसकण मारून तिनं करंटचं आणि औषधाचं बोलणं बंद पाडलं.

गायरानाचा ओढ्याकडचा तुकडा आम्ही धरला. उन्हाळ्यात बोरीबाभळीच्या काट्या तोडून, दाबून, पुरुषभर उंच कुंपण घातलं. हात सोलून निघाले. घरच्या पुरुषमाणसांनी सुरुवातीला हसून घेतलं, मग चिडून घेतलं, मग गुपचूप कुऱ्हाडीला धार लावून दिली. खरा विरोध केला तो बाबूतात्यानं. तात्या धनगरवस्तीवरचा मेंढपाळ, वयानं आक्काहून मोठा, खांद्यावर घोंगडं आणि आवाज असा की मेंढरं शिवारापलीकडून ऐकतील.

"गायरान समद्यांचं हाय, आक्का. तू कोन आडवनार?"

"समद्यांचं हाय म्हनून तर राखते. माजं एकटीचं असतं तर नांगरलं नसतं?"

"मेंढरांनी काय खायाचं?"

"आत्ता बी काय खात्यात, तात्या? माती?"

तात्या तोंडातल्या तोंडात पुटपुटत गेला. पण त्यानं कुंपणाला हात लावला नाही.

त्या पावसाळ्यात काय झालं ते सांगताना अजून माझ्या अंगावर काटा येतो. कुणी बी टाकलं नव्हतं. आम्ही तर समजत होतो की त्या जमिनीत काही उरलेलंच नसेल. पण आषाढात हिरवी साय धरली, श्रावणात गवत पोटरीला लागलं, भादव्यात कमरेला. मारवेल, पवन्या, आणि आक्कालाही नाव न आठवणारी दोन-चार गवतं. कुंपणाच्या अलीकडे उघडा माळ, पलीकडे वाऱ्यावर लाटा. गवतात लावऱ्या आल्या. चंडोल सरळ वर चढून गायला लागले. पावसाचं पाणी त्या तुकड्यातून खाली उतरायचं ते निवळ उतरायचं. आणि कुंपणाच्या आतली एक खुडलेली बोर, तिनं एकाच पावसात सरळ शेंडा काढला. गावातली माणसं बघायला आली. काहींनी कापायला कधी मिळेल ते विचारलं. आम्ही पोळ्यानंतर विळ्यानं कापून घराघराला भारा दिला, तात्यालाही दिला, आणि उभं गवत मधोमध ठेवलं.

मग ती सुगी आली. माझ्या आठवणीतली सुगी म्हणजे तीच.

त्या उंच गवतात लांडग्यानं बस्तान मांडलं. आधी चिखलात ठसे दिसले, मग एका पहाटे मी स्वतः पाहिला. ज्वारीच्या कडेला तो उभा होता, मातीच्या रंगाचा, किडकिडीत, कान ताठ. त्यानं माझ्याकडे बघितलं, घाई न करता वळला आणि गवतात विरघळला. कित्येक वर्षांत आमच्या शिवारात लांडगा दिसला नव्हता. लपायला जागाच नव्हती तर येणार कसा? खोटं कशाला सांगू, मला भीतीइतकाच आनंद झाला.

तो आनंद आठवडाभरही टिकला नाही. दिवस मावळताना वस्तीवर परतणाऱ्या मेंढरांतून लांडग्यानं तात्याचं कोकरू उचललं. दुसऱ्या दिवशी पारावर गाव जमलं. बायकांनी गवत राखलं, गवतानं लांडगा आणला, आज कोकरू नेलं, उद्या पोर नेईल. पेटवून द्या सगळं. सरपंच म्हणाले, "गावाच्या भल्यासाठी आहे, कुणी मनाला लावून घेऊ नका."  तात्या उठला, चारजण त्याच्या मागे निघाले, आणि सगळे गायरानाच्या वाटेला लागले.

आम्ही दोघी आडवाटेनं आधीच तिथं पोचलो होतो. कुंपणाला आत जायला एक वाट ठेवली होती. त्या वाटेत आक्का मांडी घालून बसली होती. शेजारी तिच्या शेळीची पाट, म्हणजे मादी करडू, दाव्याला बांधलेली, निवांत पाला खात. मी मागे उभी. 

"आक्का, ऊठ तितनं," तात्या म्हणाला.

"कशापाई?"

"लांडगा हाय आत."

"हाय ना. मी कुटं न्हाई म्हन्ते?"

"माजं कोकरू नेलं त्यानं."

आक्काचा आवाज उतरला. "नेलं, तात्या. लई वंगाळ झालं. माज्या राखल्याल्या गवतात राहून नेलं, म्हंजी ते माज्याकडनं गेलं. ही पाट घ्या."

तात्या त्या करडाकडे बघत राहिला. "शेरडीनं कोकरू भरून येतं व्हय?"

"न्हाई येत. पन माज्याकडं हेच हाय. गवत तेवडं मागू नगा. ते माजं न्हाईच, तर देऊ कसं?"

"आन उद्या दुसरं नेलं तर?"

"तर दुसरी पाट. मग तिसरी. माजी शेरडं सरली की मग काडी घेऊन या. मी आत बसलेली आसंन."

मागच्यांपैकी एकजण हसला. तात्यानं वळून त्याच्याकडे असं बघितलं की तो हसू गिळून गप्प झाला.  वारा गवतातून जात होता तेवढाच आवाज. मग तात्यानं वाकून दावं हातात घेतलं आणि पाट घेऊन वस्तीकडे चालू लागला. बाकीचे काय करणार? तेही पांगले.

त्या सुगीत मी एक गोष्ट पाहिली. एका लांडग्यानं हरणं कमी झाली, असं मी म्हणणार नाही. तसं झालंही नाही. पण हरणं हलायला लागली. पूर्वी कळप एका जागी बसायचा आणि मुळापर्यंत खाऊन मगच उठायचा. आता चार घास घेतले की माना वर, कान फिरते, आणि पुढे. ओढ्याच्या कडेला, झाडी दाट होती तिथं, ती थांबेनात. आमच्या ज्वारीत शिरली तरी बसेनात. तात्यानं मेंढरांना दोन कुत्री वाढवली आणि मेंढरं कोंडायचं जाळं, वाघूर, उन्हं असतानाच लावायला सुरुवात केली. त्याचं दुसरं कोकरू गेलं नाही. ज्वारी घरी आली. खळ्यात कणसांचा वास, केसांत कोंडा, आणि आक्काचं सारखं चालू, "बगा, बगा, राखलं की न्हाई?"

चैत्रात, भर दुपारी, कुणीतरी गवत पेटवलं.

धूर दिसला तेव्हा आम्ही भाकरी खात होतो. ओलं गोणपाट घेऊन धावलो, पण वाळलेलं गवत आणि चैत्राचा वारा, हाताला लागायला काही उरलंच नाही. संध्याकाळी राखेत हिंडताना एका ढेकळाआड चंडोलाचं घरटं सापडलं. आत अंडी होती, काळी पडलेली. आक्कानं ती ओंजळीत घेतली आणि तिथंच राखेत बसली. मी तिला रडताना आयुष्यात दोनदाच पाहिलं आहे. त्यातलं हे एक. लांडगा कुठे गेला ते आम्हांला कधीच कळलं नाही. त्या वर्षी तो परत आला नाही.

वळवाचा पाऊस पडला आणि राखेतून कोवळी पाती वर आली. कुंपण जळून गेलेलं. कळप सरळ आत आला. हिरवं दिसलं तिथं तोंड घातलं, त्यांचा काय दोष? ते त्यांचं पोट. पण पाहता पाहता शेंडे नाहीसे होऊ लागले. गावातून निरोप आले, आता पुरे करा. मलाही क्षणभर वाटलं, पुरे. दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का कुऱ्हाड घेऊन बाहेर पडलेली. मी चहा तसाच ठेवून तिच्या मागे गेले.

आम्ही काट्या ओढत होतो तेव्हा तात्या आला. डोक्यावर बोरीच्या काट्यांचा भारा. तो त्यानं कुंपणाच्या रेषेवर टाकला, पायानं दाबला आणि आमच्याकडे न बघता म्हणाला, "मी न्हाई पेटवलं."

"मी इचारलं का?" आक्का म्हणाली.

"न्हाई इचारलं. म्हनून सांगतुया."

तो पुन्हा काट्या आणायला गेला.

गवत त्या पावसात पुन्हा आलं, आणि त्याच्या पुढच्याही. जळलेली बोर बुंध्यापासून फुटली. आता ती हरणाच्या तोंडाच्या वर गेली आहे. गावात म्हणतात, या दोघी हरणांच्या वाईटावर आहेत. म्हणू देत. हरणांना विष घालू पाहणाऱ्यांना आम्हीच अडवलं होतं, हे म्हणणारे विसरले असतील, आम्ही विसरलो नाही. मला हरीण हवं आहे. मला लावरी हवी आहे, खैराचं पोर हवं आहे, मुरणारं पाणी हवं आहे आणि कोकरू उचलणारा तो किडकिडीत जीवसुद्धा हवा आहे. एकाच्या देखणेपणापायी बाकी सगळ्यांनी उपाशी मरावं, आणि शेवटी त्या देखण्यानंही, याला जंगल म्हणायला मी तयार नाही. पाटीवर काहीही लिहिलेलं असो.

यंदाच्या हुरड्याला सरपंचांनी नवीन काढलं आहे. पुण्याचे पाहुणे वाढले, म्हणून हरणं बघायला त्यांच्यासाठी एक मनोरा बांधायचा, खाली गाड्या लावायला फरशी. जागा कोणती? तर गायरानाचा तोच तुकडा, कारण तिथून कळप छान दिसतो. ग्रामसभा झालेली नाही, ठराव झालेला नाही, पण काल सकाळी सरपंच दोन माणसं घेऊन आले, काट्या बाजूला सारल्या आणि गवत तुडवत चुन्याच्या फक्कीनं चौकोन आखला.

आक्काचे गुडघे आता धरतात. ती काठी टेकत आली, चौकोनाकडे बघितलं आणि विचारलं, "हे काय?"

"मनोरा, आक्का," सरपंच समजुतीनं म्हणाले. "गावाचं नाव होईल. लोक लांबून हरणं बघतील."

"बगू द्या की. तुमच्या वावरात बांदा. तितनं बी दिसत्यात. माज्या ज्वारीतनं तर लईच झ्याक दिसत्यात."

"आक्का, समजून घ्या. ही जागा…"

आक्कानं काठी माझ्या हातात दिली. पदर खोचला, चप्पल काढली आणि उजव्या पायानं फक्कीची रेघ पुसायला सुरुवात केली. सावकाश, एकेक पाऊल, मध्येच गुडघा धरत. पांढरी रेघ मातीत मिसळत गेली. सरपंच "अहो, अहो" म्हणत राहिले. फक्कीवाली दोन माणसं घमेलं घेऊन नुसतीच उभी होती.

मी काठी कुंपणाला टेकवली, चौकोनाच्या दुसऱ्या टोकाला गेले, आणि तिकडून पुसत आक्काच्या दिशेनं निघाले.